नऊ कच्चे दाणे

त्या राज्यात भूक लागण्याआधीच दाणा दारात यायचा. एक उंच, उभा कडा होता. त्याला शेकडो कपारी होत्या आणि कपारीकपारीत पारव्यांचे संसार होते. कड्याच्या माथ्यावर कोठार होतं. रोज सकाळी कोठारातून बगळे खाली उतरत, प्रत्येक दारात ज्वारीचा वाटा ठेवत, घरातल्यांची आपुलकीने चौकशी करत आणि पुढच्या दाराकडे वळत. दाणा तांबूस, कुरकुरीत आणि किंचित खारट असे. दाणा असाच असतो, असं सगळे समजत. तो भट्टीतून निघून येतो हे फार थोड्यांना ठाऊक होतं, आणि ज्यांना ठाऊक होतं त्यांना त्यात विशेष काही वाटत नव्हतं. मनाई कसलीच नव्हती. कुणी दाणा पेरू नये असा हुकूम त्या राज्यात कधी निघाला नाही. तशी वेळच आली नव्हती.

मधल्या रांगेतल्या एका कपारीत ठकू नावाची पारवी राहत होती. तिचा नवरा सोमा कोठारात भट्टीवर कामाला होता. त्यांना रुखी नावाची मुलगी होती, आणि तिच्या पाठीवरचा एक मुलगा होता. तो इतका लहान होता की त्याचं नावही अजून ठेवलं नव्हतं.

एका वर्षी कड्यावर धुकं उतरलं आणि हललंच नाही. बगळ्यांना वाट दिसेना. पहिल्या दिवशी लोकांनी थट्टा केली, दुसऱ्या दिवशी आदल्या वाट्यातली टरफलं चिवडली. तिसऱ्या दिवशी ठकू चाचपडत खाली उतरली. खाली नुसती खडकाळ जमीन होती. तिथे काय शोधायचं आणि कसं, हे तिला कुणी कधी शिकवलं नव्हतं. ती रिकामी परतली. पाचव्या दिवशी धाकटा तिच्या पंखाखाली निपचित पडला आणि दुपारपर्यंत गार झाला.

सहाव्या दिवशी धुकं फाटलं. बगळा आला तेव्हा त्याचे डोळे खरोखरच भरून आले होते. त्याने दुप्पट वाटा ठेवला. रुखी दाण्यांवर तुटून पडली. खाता खाता ती रडत होती आणि बगळा तिच्या पाठीवरून पंख फिरवत होता. ठकूने त्या दिवशी चोच लावली नाही. सोमा धुक्यामुळे वरच अडकला होता, तो संध्याकाळी घरी आला. पाच दिवस तो दाण्यांच्या राशीशेजारी बसून होता. मुलाची जागा रिकामी दिसली तेव्हा तो दाराशी तोंड बाहेर करून बसून राहिला.

ठकूला तिच्या आईने कधीतरी सांगितलं होतं की दाणा मातीत ठेवला तर त्याचं रोप होतं, आणि रोपाला दाणेच दाणे लागतात. कपारीत माती नव्हती. ती ओढ्याकाठी जाऊन चोचीत मावेल तेवढी माती आणू लागली. दिवसाला वीस खेपा, कधी पंचवीस. वारा असला की निम्मी माती वाटेतच उडून जाई. दोन महिन्यांनी कपारीच्या उजेडाच्या बाजूला वीतभर जाड थर झाला. तिने आपल्या वाट्यातले दाणे त्यात खोचले, गळ्याच्या पिशवीत पाणी आणून वर शिंपलं आणि ती वाट पाहू लागली.

काही उगवलं नाही. तिने पुन्हा पेरलं. थर उकरून पाहिला तर दाणे काळे पडून कुजले होते. माती वाईट असेल म्हणून तिने ती सगळी काढली आणि दुसऱ्या ओढ्यावरून नवी आणली. पाणी जास्त होत असेल म्हणून कमी केलं, कमी होत असेल म्हणून वाढवलं. वर्ष गेलं. शेजारची काशी दारातून बघत असे. एकदा ती म्हणाली, “ठकूबाई, वाट्यातले दाणे मातीत घालता, त्यापेक्षा रुखीला दोन घास जास्त द्या.” ती वाईट मनाने बोलली नव्हती.

त्या वर्षाच्या शेवटी एका दुपारी ठकू खेप टाकून धापा टाकत बसली होती. सोमा तिच्याजवळ सरकला.

“भाजलेला दाणा उगवत नाही गं,” तो म्हणाला.

ठकूने त्याच्याकडे पाहिलं. “म्हणजे?”

“वर तापलेली वाळू असते. कच्चा दाणा तिच्यात पडतो, आम्ही काटकीने परततो. तिथेच त्याच्यातला जीव जातो. मग कितीही माती घाल.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“माहीत होतं.”

“वर्षभर?”

सोमा म्हणाला, “तू माती वाहत होतीस तेव्हा रडत नव्हतीस. म्हणून बोललो नाही.”

ठकू त्याच्यापासून उठून कपारीच्या आतल्या टोकाला गेली आणि दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सोमा कामावरून लंगडत आला. त्याने चोच उघडून जिभेखालचा एक दाणा तिच्यासमोर ठेवला. तो तांबूस नव्हता. पांढुरका होता, आणि त्याच्या टोकाशी एक बारीक ठिपका होता.

कच्चा दाणा वरच्या घळीतून थेट तापल्या वाळूत पडे. कामगार काठावर उभे राहून लांब काटक्यांनी परतत. दाणा कच्चा असतानाच उचलायचा तर वाळूत पाय घालावा लागे, आणि तोही लगेच. सोमा रोज एकदा पाय घालत होता. रोज एक दाणा आणत होता. ठकूने त्याचे तळवे पाहिले आणि ती म्हणाली, “पुरे आता.” तो म्हणाला, “एकाने काय होतंय.” असे नऊ दिवस झाले. दहाव्या दिवशी त्याला पाय टेकवता येईनात.

नऊ दाण्यांपैकी सात उगवले. पाचव्या दिवशी मातीला बारीक तडा गेला आणि सहाव्या दिवशी त्यातून हिरवं टोक वर आलं. सोमा पोटावर पडून, मान लांब करून ते बघत होता. “एवढंसं असतं होय,” तो म्हणाला. कच्चे दाणे त्याने जन्मभर पाहिले होते, कोंब पहिल्यांदाच पाहत होता.

ठकू खेपांनी थकली होती. एका कडक उन्हाच्या दुपारी तिचा डोळा लागला, तेव्हा कोंब माना टाकायला लागलेले सोमाला दिसले. पंखांना काही झालं नव्हतं, म्हणून तो उडाला. ओढ्यावर गेला, गळाभर पाणी घेतलं आणि परतला. पण कपारीच्या कडेला त्याची बोटं धरेनात. त्याने एकदा प्रयत्न केला, दोनदा केला. पंखांच्या आवाजाने ठकू जागी झाली. ती कडेशी पोहोचली तेव्हा तो खाली खडकावर पडलेला होता आणि त्याच्या चोचीतून पाणी वाहत होतं.

त्यानंतर ठकूने दुसरं काही केलं नाही. रोपं वाढली. पोटरीत आली, निसवून कणसं बाहेर पडली, त्यातली पाच भरली. कोठाराच्या दाण्यावर तिचं पोट भागत होतं, म्हणून तिने पहिलं पीक सगळं बियाण्याला ठेवलं. त्यातले थोडे दाणे रुखीला दिले. रुखीने एक चावला आणि हळूच बाजूला ठेवला.

“कच्चं लागतं, आई.”

“कच्चंच आहे. म्हणून तर उगवतं.”

“पण आपल्याला उगवायचं कशाला? रोज येतंच की.”

“धुकं पुन्हा येईल, रुखे.”

“धुक्याच्या वेळी मी पण होते,” रुखी म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला. “मला सगळं आठवतं. भूक आठवते. धाकटा आठवतो. आणि मग कोण आलं, ते पण आठवतं. बगळा आला.”

ठकूने उरलेले दाणे उचलून परत बियाण्यात टाकले.

तीन पिकं निघाली. रुखीचं लग्न झालं, ती शेजारच्या कपारीत राहायला गेली, तिला दोन पिल्लं झाली. ठकूच्या कपारीतला एक खळगा दाण्यांनी काठोकाठ भरला. पुढच्या धुक्याआधी कड्यावरच्या प्रत्येक घरी मूठभर दाणे आणि चिमूटभर माती पोचवायची असं तिने ठरवलं होतं. काशीला तिने तसं सांगून पाहिलं. काशी म्हणाली, “द्या की. पण भाजून द्या हो, आम्हाला कच्चं पचत नाही.” ठकू हसली. हिला एकदा कोंब दाखवला की समजेल, असं तिला वाटलं.

एक दिवस बगळा खळग्याशी थांबला. त्याने दाणे नीट निरखले, कौतुकही केलं. म्हणाला, “ठकूआजी, या वयात हे कष्ट कशाला? आमच्याकडे द्या. भाजून, पाखडून, रोज तुमच्या दारात आणून ठेवू. तुमचेच दाणे, तुम्हालाच.”

“नको,” ठकू म्हणाली.

बगळ्याने मान झुकवली. राग नाही, धमकी नाही. जाताना तो रुखीच्या दारात वाटा ठेवायला थांबला आणि तिथे थोडा वेळ बोलत राहिला.

मग पेरणीच्या तोंडावर ठकू आजारी पडली. माती वाहून तिचा एक पंख खांद्यातून उतरला होता, त्यात ताप भरला. ती आतल्या टोकाला पडून होती. कधी जाग येई, कधी नाही. रुखी पिल्लांना नवऱ्याकडे सोपवून आईपाशी आली. तिने आईचं अंग पुसलं, तिला पाणी पाजलं. पण जागेपणी आई एकच विचारत होती, “पेरायचं राहिलं ना गं?” ते ऐकून रुखी उजेडाच्या बाजूच्या मातीकडे बघत राही. बाबा या मातीपायी गेले. आता आईही चालली होती.

ठकूचा ताप चौथ्या दिवशी उतरला. तिने डोळे उघडले तर कपार वेगळीच दिसत होती. सगळीकडे लख्ख होतं. उजेडाच्या बाजूला मातीचा कणसुद्धा नव्हता. तिच्या अंगाखाली मऊ पिसांची गादी होती. रुखी समोर बसली होती. दमलेली होती, तिचे डोळे लाल झाले होते, पण चेहऱ्यावर समाधान होतं.

“त्या मातीची ओल तुझ्या हाडात शिरली होती, आई,” ती म्हणाली. “सगळी काढून टाकली. आता तुला बरं वाटेल.”

ठकूने मान वळवून खळग्याकडे पाहिलं. खळगा काठोकाठ भरलेला होता. दाणे तांबूस होते.

“तुझे ते,” रुखी घाईने म्हणाली. “कोठाराचे नाहीत. बगळे म्हणाले होते आम्ही नेतो, पण मी म्हटलं, आईच्या कष्टाचे आहेत, मीच नेणार. चाळीस खेपा झाल्या. भट्टीपाशी उभी राहून स्वतः भाजून घेतले, एक दाणा इकडचा तिकडे होऊ दिला नाही.”

“सगळे?” ठकूने विचारलं.

“सगळे. एकही कच्चा ठेवला नाही. आता तुला आयुष्यभर पुरतील. काही करायला नको.”

रुखीचा एक पंख खाली लोंबत होता. त्या पंखानेच तिने आईच्या डोक्यावरचं पीस सारखं केलं. ठकू तिच्याकडे बघत राहिली.

“रागावलीस?” रुखीने विचारलं.

“नाही गं.”

“मग खा ना थोडं. चार दिवस पोटात काही नाही.”

रुखीने खळग्यातला एक दाणा चोचीत धरला आणि आईच्या तोंडाशी नेला. दाण्याला अजून भट्टीची ऊब होती. ठकूने डोळे मिटले, आणि अंगावर पीसही न फुटलेली पिल्लं उघडतात तशी मान वर करून चोच उघडली.