आक्कासाहेबांची नाडी

करंजगडला गादी होती तेव्हाची गोष्ट. महाराजांच्या आत्या आक्कासाहेब यांनी हट्ट धरला, वाड्यातला दवाखाना सगळ्या रयतेसाठी उघडा. राजवैद्य त्र्यंबकशास्त्री फणकारले, “गर्दी आली की गुण गेला! सगळ्यांना पाहायचं म्हणजे नीट कुणालाच नाही.”

महाराज घुटमळले. शास्त्रीबुवा रोजच्याप्रमाणे आक्कासाहेबांची नाडी बघायला सरसावले, तसा त्यांनी हात पदराखाली ओढला.

“शास्त्रीबुवा, महाराजांच्या दाढीला न्हावी कुठला बोलावता? सणावारी वस्तरा काढणारा, की रोज बाजारभर चालवणारा? तुमचा हात आधी रयतेवर बसू दे, मग माझी नाडी धरा.”

महाराजांचा हात नकळत स्वतःच्या गळ्याकडे गेला. दवाखाना उघडला.

त्या दवाखान्याच्या ओसरीवरचा काढ्याचा वास म्हाताऱ्यांना अजून आठवतो. आणि आठवतात गावच्या बायकांबरोबर रांगेत बसून शास्त्रीबुवांपुढे हात करणाऱ्या आक्कासाहेब.