चौसष्ट पावलांचं पुडकं

गावोगावी तारा नुकत्याच पोचल्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट. दवाखान्याच्या कपाटावर एक धाकटी राउटरपेटी बसली होती. निरोपाच्या पुडक्यावरचा पत्ता वाचून ते योग्य तारेत घालायचं, एवढंच तिचं काम. ओळखीचा पत्ता नसेल तर पुडकं तालुक्याच्या थोरल्या पेटीकडे, म्हणजे आक्कांकडे द्यायचं. पण तिला वाटे, "आक्का म्हणतील, हिला एवढंही येत नाही!"

एकदा तान्हं बाळ तापलं. नर्सबाईंनी शहरातल्या डॉक्टरांना निरोप धाडून विचारलं, औषध किती देऊ? पत्ता अनोळखी होता. पेटीने पुडकं ठसक्यात शाळेच्या पेटीकडे ढकललं.

"अगं, आमच्याकडचं सगळं तुझ्याच वाटेनं जातं," म्हणत शाळेच्या पेटीने ते परत पाठवलं. पुन्हा तिकडे, पुन्हा इकडे. प्रत्येक पुडक्याला मोजून चौसष्ट पावलं मिळत, आणि दर पेटीला त्यातलं एक खर्ची पडे.

"ताई, माझी पावलं संपत आली."

"थांब रे, मला माहितेय!"

आणि पुडकं विरून गेलं.

बाळाच्या कपाळावर हात ठेवून वाट बघणाऱ्या नर्सबाईंनी तोच निरोप पुन्हा धाडला. नव्या पुडक्याने विश्वासाने विचारलं, "ताई, वाट ठाऊक आहे ना?"

"नाही," पेटी कशीबशी म्हणाली. "आक्का, मला हा पत्ता येत नाही."

"मला तरी कुठे येतो? पुढचीला विचारते. आण इकडे."

उत्तर आलं, बाळाला औषध मिळालं. नर्सबाईंनी पेटीवरची धूळ पुसली. "शहाणी गं माझी, पोचवलंस!"

पेटीला मान वर करवेना.