शोधातून वगळलेलं नाव

"पण मेलेल्या माणसाचं नाव शोधात दिसून उपयोग काय, चाचा?"

निनादनं हमीदचाचांना विचारलं. मिरजेतल्या घराच्या पडवीत ते भिंतीला टेकून बसले होते.

निनाद पुण्याहून मुद्दाम आला होता. हजारो नोंदींतून हवी ती शोधून देणारी लायब्ररी, म्हणजे कुणीही फुकट वापरावा असा तयार कोड, चाचांनी लिहिली होती. निनाद त्यांच्याच हाताखाली शिकला. आता आपल्याला त्यांच्यापेक्षा जास्त कळतं असं त्याचं मत होतं, आणि ते तो लपवत नसे.

पुरानंतर मदत केंद्रानं बेपत्ता माणसांचा शोध याच लायब्ररीवर उभा केला. त्यातलं 'वगळा' हे नवं ॲनोटेशन निनादचं. ॲनोटेशन म्हणजे कोडमध्ये एखाद्या रकान्यावर लावलेली खूण. निनादनं ती मृत्यूच्या तारखेवर लावली. तारीख भरली की ते नाव शोधातून आपोआप गळे.

केंद्रात ते तात्पुरतं चालू होतं. कायमचं करायला चाचांचा होकार हवा होता.

"आईनं मोबाईलवर मुलाचं नाव टाकावं आणि समोर 'मृत' यावं?" निनाद म्हणाला. "हे क्रूर आहे. घरच्यांनी जवळ बसवून सांगावं तिला. मशीननं नाही."

"हं."

"यात चूक काय, एवढंच सांगा."

चाचांनी आपला मोबाईल त्याच्याकडे सरकवला.

"यासिन मुलाणी. शोध. आणि येईल ते मोठ्यानं वाच."

निनादनं नाव टाकलं.

"एकही नोंद सापडली नाही."

आतून चाचांची बायको, रेहानाचाची, दारात आल्या. हात पिठानं भरलेले.

"यासिनचं बघितलंस का रे बाळा? नाही ना त्यात?"

"नाही, चाची."

"बघा, मी म्हणत नव्हते?" त्या चाचांकडे बघून हसल्या. "अडकला असेल कुठंतरी. येईल. रोज त्याच्या वाटणीची भाकरी टाकते मी. आज ती तू खा."

त्या आत गेल्या. भाकरी थापल्याचा आवाज येऊ लागला.

"यासिन कोण?" निनादनं हळूच विचारलं.

"तिचा धाकटा भाऊ. आई गेल्यावर हिनंच वाढवला."

"मग त्याची नोंदच कुणी केली नसेल..."

"आहे नोंद. मंगळवारी दवाखान्यात जाऊन ओळख पटवली. माती दिली. तारीख मीच भरली."

निनादनं आतल्या दाराकडे बघितलं.

"आणि चाचींना... सांगितलं नाही?"

"घरच्यांनी जवळ बसवून सांगावं, म्हणालास ना." चाचांचा आवाज अगदी साधा होता. "रोज सकाळी बसवतो. मी तोंड उघडायच्या आत ती नाव शोधते. नाही सापडलं की तिचा चेहरा उजळतो... मग मी उठतो."

...

निनादनं लॅपटॉप उघडला.

"खूण काढून टाकतो, चाचा. आत्ता."

"काढ."

निनादनं ती ओळ खोडायला घेतली, तसा चाचांनी त्याचा हात धरला.

"आधी तिला जेवू दे."