तिकटीवरचा नारळ

फार जुनी गोष्ट. किती जुनी ते विचारू नका. तेव्हा वाटा थोड्या होत्या आणि भुतं फार होती.

डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. गावाबाहेर तीन वाटा एकत्र येत, त्या जागेला तिकटी म्हणत. कुणाच्या घरी आजारपण आलं की आजाऱ्यावरून दहीभात आणि नारळ ओवाळायचा, भर दुपारी तिकटीवर ठेवायचा आणि मागे वळून न बघता परत यायचं. हा उतारा. त्याला जो हात लावील, त्याच्या मानगुटीवर तिकटीवरचा बसतो, असं गाव मानत असे. तिकटीवरचा म्हणजे कोण, ते मात्र कुणी सांगत नसे. नाव घेतलं तर तो ओ देतो म्हणे!

त्या गावात एका बुरुडाच्या घरी दोन जावा होत्या. थोरली तोंडाळ, पण कामाला वाघ. धाकटी स्वभावाने गरीब, स्वतःची सावली हलली तरी दचकणारी.

गावात एक म्हातारे गृहस्थ येऊन राहिले होते. ते ख्रिस्ताच्या गोष्टी सांगत. चार घरची माणसं त्यांच्या ओसरीवर प्रार्थनेला जमत आणि त्यांना वडील म्हणत. दोन्ही जावाही जाऊ लागल्या. वडील एकदा म्हणाले, "प्रभूने आपल्याला भयातून मोकळं केलंय. अन्न सगळं त्याचंच. त्यावर कुठल्या भुताची मालकी नाही."

थोरलीच्या छातीवरचा धोंडा उतरला. लहानपणी माहेरच्या तिकटीवरून जाताना ती आईच्या पदरात तोंड खुपसून चालायची. आता बाजारातून येताना तिने उताऱ्यातला नारळ उचलला, दगडावर फोडला आणि तिथेच बसून खाल्ला. काही झालं नाही. खोबरं मात्र गोड निघालं.

आता, मोकळीक मिळाली की माणसाला ती मिरवावीशी वाटते. थोरलीने पुढचा नारळ घरी आणला, त्याच्या वड्या केल्या आणि धाकटीपुढे ठेवल्या.

"नारळ कुठला, जाऊबाई?"

"तिकटीवरचा."

धाकटीने हात मागे घेतला. "तुम्ही खा. मी तुम्हाला नाव ठेवत नाही. पण माझं मन घेत नाही."

"मन घेत नाही म्हणजे? ओसरीवर डोळे मिटून गाणी म्हणतेस ती उगीच का? प्रभू मोठा की तो मेला तिकटीवरचा?"

घरातले सगळे हसले. धाकटीने लाजेकाजेस्तव एक वडी उचलली आणि औषध घ्यावं तशी गिळली.

"बघ, मेलीस का?" थोरली म्हणाली.

पण त्या दिवसापासून धाकटीचं जेवण तुटलं. आधी ती पहिला घास पाठीमागे जमिनीवर ठेवू लागली. मग दुसराही. मग सगळं ताटच मागे सरकवायची आणि भिंतीकडे तोंड करून बसायची. काही दिवसांनी ती भर दुपारी घरातून नाहीशी होऊ लागली.

एकदा थोरली तिला शोधत तिकटीवर गेली. टळटळीत ऊन होतं. झाडाचं पान हलत नव्हतं. ठेवलेल्या दहीभाताला कावळासुद्धा शिवला नव्हता. धाकटी धुळीत बसून कुणाशी तरी बोलत होती. बोले, थांबे, मान हलवी, पुन्हा बोले. थोरली जवळ येताच तिने पदर आवरला आणि ती सरकून बसली. थोरली तिच्या उजवीकडे उभी होती. जागा केली होती ती डावीकडे.

थोरलीच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"अगं, कुणाशी बोलतेस?"

"त्याच्याशी. तो म्हणतो, तुझ्या जावेशी माझं काही वाकडं नाही. मी नाहीच असं समजून तिने खाल्लं. तू मात्र मी आहे असं समजून माझा घास घेतलास."

"इथे कुणी नाही! ऐकतेस का? कुणी नाही!"

"तुम्हाला नाही," धाकटी शांतपणे म्हणाली.

थोरली तडक वडिलांकडे गेली. "तिथे कुणी आहे का, वडील?"

"कुणी नाही."

"मग नारळ खाल्ला ते पाप?"

"नाही."

"मग न खाणं पुण्य?"

"तेही नाही."

"मग माझं चुकलं कुठे?" थोरलीला रडू फुटलं.

"तिच्या मनाने नको म्हटलं होतं ना? त्या नकोवर तू पाय दिलास," वडील म्हणाले. "तुझं ज्ञान खरं होतं, पोरी. पण माया कुठे ठेवली होतीस? आता नारळाचं राहू दे. ती जेवली का, ते आधी बघ."

थोरली घरी आली. तिकटीवरून परतलेल्या धाकटीने अंथरूण धरलं होतं, गालफडं बसली होती. ही अशीच चार दिवसांत संपेल, हे थोरलीला दिसत होतं. तिने वाद घातला नाही. एकच ताट वाढलं आणि धाकटीच्या उशाशी बसली.

"तो घास मी तुझ्या गळ्यात कोंबला. अपराध माझा आहे, तुझा नाही. तुझं मन घेत नाही तोवर उताऱ्यातलं काही या घरात येणार नाही, माझ्याही तोंडात जाणार नाही. आणि तू जेवल्याशिवाय मी जेवणार नाही."

धाकटीला वाटलं, बोलण्यापुरतं असेल. पण थोरली खरंच उपाशी राहिली. बांबू तासता तासता तिला घेरी येऊ लागली. एका दुपारी ती टोपल्यांच्या ढिगावरच कोसळली, तेव्हा धाकटी भिंतीला धरून उठली.

"जाऊबाई, माझ्यापायी मरता की काय?"

तिने भाताचा घास उचलला. नजर सवयीने पाठीमागे गेली. मग तो घास तिने थोरलीच्या तोंडात घातला आणि दुसरा स्वतःच्या.

धाकटी जगली. पण पहिल्यासारखी झाली नाही. ओसरीवर ती प्रार्थनेला येई, पण दाराजवळ बसे, आणि गाणं तिच्या ओठांवर कधी आलं नाही. ऊन डोक्यावर आलं की तिचे हात थांबत आणि ती मान तिरकी करून तिकटीच्या दिशेने कान देई. अशा वेळी थोरलीही हातातली सुरी खाली ठेवून तिच्याजवळ गप्प बसे. ऐकण्यासारखं तिथे काही नाही, हे थोरलीला पक्कं ठाऊक होतं. पण ते तिने धाकटीला पुन्हा कधी ऐकवलं नाही.

लहानथोर हो, एवढं ध्यानात ठेवा: आपली मोकळीक दुसऱ्याच्या मनावर लादू नये; त्याच्यासाठी जो आपला हात आवरतो, तोच खरा मोकळा.