भिंतीला टेकलेला नवा आस

फार पूर्वी, डोंगराच्या पायथ्याच्या एका गावात एकच विहीर होती आणि विहिरीवर एकच रहाट. तो राखणारी म्हातारी मोठ्या ठसक्यात सांगे, "माझ्या सासऱ्यांनी बसवला, तेव्हापासून रहाट घटकाभरही थांबला नाही." एक बैल दमला की दुसरा जुंपायचा, गाडगे फुटले की चालत्या रहाटातच नवे बांधायचे, ही त्या घराची रीत.

एके दिवशी रहाट करकरू लागला. सगळा रहाट ज्या लाकडावर फिरतो तो आसच किडला होता. सुताराने बाभळीचा नवा आस घडवून विहिरीपाशी आणला. गावाने त्याला हळदकुंकू वाहिले, नारळ फोडला आणि खोबरे चघळत मंडळी निर्धास्त घरी गेली.

करकर काही थांबेना.

"नवा आस आणलाय ना? मग हा अजून का कुरकुरतो?" पाटलांनी विचारले.

"आणलाय, पण तो भिंतीला टेकून उभा आहे. भार अजून जुन्यावरच आहे," सुतार म्हणाला. "गाडगं चालत्या रहाटात बदलता येतं, पाटील. आसावर सगळंच पेललेलं असतं. तो बदलायचा तर रहाट अर्धा दिवस थांबवावा लागेल."

"अर्धा दिवस? आधी सुगी उरकू दे!"

सुगी उरकली, मग लग्नसराई आली. नव्या आसावर कोंबड्या बसू लागल्या.

एका सकाळी म्हातारीने जुन्या आसावर हात ठेवला आणि तिच्या बोटांना भुसा लागला. हा मोडला तर बैलासकट सगळे विहिरीत जाईल आणि गाव तहानेने तडफडेल. थांबवावा, तर सासऱ्यांचे नाव जाईल. शेवटी तिने पदर खोचला.

"परवा सकाळी रहाट थांबणार," तिने घरोघर सांगितले. "रांजण भरून ठेवा, हातातली कामं उरकून घ्या."

सगळ्यांनी पाणी भरले. पाटील तेवढे हसले, "म्हातारी नुसतीच बोलते."

ठरल्या दिवशी रहाट थांबला. गाडगी उतरली, आस अर्धा निघाला, तोच पाटील तणतणत आले. "घरात पाहुणे पानावर बसलेत, प्यायला थेंब नाही! आत्ताच्या आत्ता सुरू कर!"

"नाही," म्हातारी आडवी उभी राहिली. "आता मध्येच सुरू केला तर जुनाही जाईल आणि नवाही. पाणी शेजारून मागून न्या."

तेवढ्यात जुना आस बाहेर आला. पाटलांनी रागाने त्यावर काठी आपटली, तर ती आरपार गेली. त्यांनी पागोटे बाजूला ठेवले आणि नव्या आसाला खांदा दिला.

दुपारी बैल पुन्हा जुंपला. पहिली गाडगी रिकामीच वर आली आणि लोकांचे चेहरे पडले. म्हातारी म्हणाली, "दम धरा, गाडग्यांची माळ तळाशी तर पोचू दे." मग भरलेली गाडगी येऊ लागली आणि करकर नावालाही उरली नाही.

त्यानंतरही म्हातारी रहाटाचे कौतुक सांगे, पण वेगळे. "माझ्या हातून एकदा थांबला," ती ताठ मानेने म्हणे, "म्हणून अजून फिरतोय."

तात्पर्य: सुधारणा दाराशी आणून ठेवली म्हणजे झाली असे नव्हे. ज्यावर सगळा डोलारा फिरतो ते बदलायचे तर घटकाभर थांबावेच लागते. तेव्हा नवे अपडेट उतरवून संगणक 'रीस्टार्ट करू का?' असे विचारू लागला की रांजण भरून घ्या, म्हणजे काम सेव्ह करा, आणि पाटलांसारखे 'नंतर, नंतर' करत बसू नका.