सतरा ओले खुंटे

शके सतराशे त्रेसष्ट, माघ वद्य दशमी. हरभरा काढणीला आला होता. त्या दिवशी करंजदरीत जे घडलं ते आमच्या गावाला तोंडपाठ आहे.

हैबती गावाचा गुराखी. सगळ्या गावाची गुरं तोच चारी. त्याची हाक ऐकून डोंगरावरचा वाघ वाट सोडून जाई, असं म्हणतात. पण स्वतःचं एक वासरूही नव्हतं, आणि मुलीचा बाप वाघ मोजत नाही, गोठा मोजतो. तीन स्थळं रिकामा गोठा बघून परत गेली. चौथे आले राघोजी, बायजाचे वडील. बायजाच्या मनात हैबतीच होता. हे मोडलं तर तिला बिजवराच्या घरी देणार होते.

शेजारच्या ठकूआत्यानं घरोघर सांगितलं. सकाळी सतरा घरांनी सतरा जनावरं हैबतीच्या गोठ्यात आणून बांधली.

राघोजींनी शिंगं पाहिली नाहीत, दात पाहिले नाहीत. खाली वाकून खुंट्याला बोट लावलं; लाकूड नुकतंच तोडलेलं, ओलं होतं.

"आत्याबाई, गुरं जुनी अन् खुंटे ओले कसे?"

"लई वाकू नका पाव्हणं, पागोटं पडंल."

"पडू द्या. सोडा समदी. ज्याची त्याच्या दारी जातील."

हैबतीनं स्वतःच्या हातानं दावी सोडली.

"उसनी हायेत, मामा," तो म्हणाला. "मला खोटं बोलता येत न्हाई."

जनावरं अंगणात आली. घरं समोर दिसत होती. एकही गेलं नाही. सतराही हैबतीभोवती रिंगण धरून बसली, आणि ती उठेपर्यंत सूर्य डोक्यावरून हलला नाही, असं म्हणतात.

राघोजींनी पागोटं सारखं केलं.

"जावईबापू, यास्नी उठवा आता. सुपारी फोडायला जागा न्हाई."

आजही करंजदरीत स्थळ बघायला पाहुणे आले की घरटी एक जनावर त्या दारी बांधतात. लपवत नाहीत. खुंटा ओलाच ठोकतात, त्याला हैबतीचा खुंटा म्हणतात, आणि पाहुण्यांना आधी त्यालाच हात लावायला लावतात.

बायजानं आंदणात एक कालवड आणली. तिच्या वेलातून हैबतीनं दर घरी एकेक वासरू पोचवलं. कुणी मागितलं नव्हतं. सतरावं ठकूआत्याच्या दारी बांधलं तेव्हा हैबतीचे केस पिकले होते आणि आत्याला दिसत नव्हतं. तिनं वासराच्या पाठीवरून हात फिरवला.

"फिटलं का रं?"

"फिटलं, आत्या."