तोर्रेसेकाची पाटकरीण

दुपारचे तीन वाजले होते. तोर्रेसेका गावाबाहेर, पाटाचं पाणी वळवायच्या लाकडी फळीपाशी कासिल्दा बसली होती. समोरच्या दगडी कुंडात तांब्याची वाटी तरंगत होती.

ही फार वर्षांपूर्वीची, स्पेनच्या एका कोरड्या कोपऱ्यातली हकिकत. तिथला पाट आफ्रिकेतून आलेल्या मूर मुसलमानांनी खोदला. पुढे ख्रिस्ती राजांनी त्यांना हाकलून दिलं, पण पाण्याची पाळी मोजायची त्यांची रीत गावाने ठेवून घेतली. वाटीच्या बुडाला सुईएवढं भोक. वाटी भरून बुडाली की एकाची पाळी संपली. ती तरंगतेय तोवर फळीला कुणी हात लावायचा नाही, जमीनदारानेसुद्धा. हे सगळं सांभाळायची पाटकरीण कासिल्दा. गाव तिला मावशी म्हणे.

त्या वर्षी पाऊस झाला नाही. जुलै लागला होता, पाळी खालच्या वाफ्यांची होती. तिथे विधवांचे कांदे आणि घेवडा, वर्षभराचं खाणं तेवढंच. धार करंगळीएवढी. एका वाटीच्या वेळात पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचणं शक्य नव्हतं. पुढची पाळी जमीनदाराच्या संत्र्यांची, म्हणून त्याचा कारभारी बेल्त्रान दोन शिपाई घेऊन आला.

“मावशी, उठा. फळी फिरवायचीय.”

“वाटी बुडू दे.”

“बुडेलच आता.”

“मग बस की. याच गावात जन्मलास, रीत ठाऊक आहे तुला. सावलीत बस, टक्कल भाजेल.”

शिपाई हसले. बेल्त्रान बसला. रीत मोडायची हिंमत त्यालाही नव्हती.

चार वाजले, सहा वाजले. वाटी काठोकाठ भरली आणि भरलेली तशीच तरंगत राहिली, असं म्हणतात. कासिल्दाने तिच्याकडे पाहिलंही नाही, असंही म्हणतात. दिवस मावळताना खालून एका बाईने हाक दिली, “मावशी, शेवटचा वाफा भिजला गं.” तेव्हा वाटी बुडाली.

बेल्त्रानने ती बाहेर काढून भोक मेणाने बुजवलंय का ते पाहिलं. सुई आरपार गेली. तरी फसवणुकीचा आरोप ठेवून शिपायांनी कासिल्दाला जिल्ह्याच्या तुरुंगात नेलं.

तोर्रेसेकात अजून जुलैची पहिली पाळी खालच्या वाफ्यांची असते. वाटी बुडाली तरी शेवटचा वाफा भिजेपर्यंत फळी हलत नाही. त्याला मावशीचं पाणी म्हणतात.

तुरुंगाच्या दप्तरात कासिल्दा आत आल्याची तारीख आहे. सुटल्याची नाही, मेल्याचीही नाही. तिचं काय झालं ते कळवा, म्हणून गावाने तीनदा अर्ज केला. तिन्ही अर्जांची पोच आली, उत्तर एकाचंही नाही.